मुलीचं नाव ठेवायचंय: दादीचं ठेवावं, सहाबियांचं ठेवावं, की आणखी कुठलं?

वेदगंगाकाठ
सर्वांना सलाम आणि नमस्कार.

घरात मुलगी आलीय. आई आणि लेक दोघी सुखरूप आहेत, अल्लाहचे उपकार. अकीका, म्हणजे बाळासाठी बकरा कापायचा विधी, तोंडावर आलाय आणि नाव काही ठरंना.

आम्ही निपाणीचे. घरात दखनी, माझी शाळा मराठी, कचेरीत कन्नड. अम्मीचं म्हणणं, तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या दादीचं नाव ठेवायचं: मालनबी. दादीनं विड्या वळून पोरं शिकवली, तिचं नाव घरात कुणालाच ठेवलेलं नाही. बायकोला 'मलाइका' आवडलंय, बाळंतपणाआधीपासून तिच्या मनात तेच आहे. मेहुणे जमातीत जाणारे, ते म्हणतात सहाबियांच्या, म्हणजे प्रेषितांच्या काळातल्या सोबतिणींच्या, नावापलीकडं बघायचंच नाही. मला विचाराल तर नावाला चांगला अर्थ असावा, शरीयतीत त्याला हरकत नसावी आणि शेजारच्या काकूंपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना ते नीट घेता यावं.

नाव अरबीच असायला हवं का? मालनसारखं आपल्याकडचं नाव ठेवलं तर काही वावगं होतं का? आणि नाव ठेवायचा हक्क नेमका कुणाचा? घरात कुणाचं मन मोडायचं नाही, म्हणून इथं विचारतोय. जाणकारांनी सांगावं, ज्यांना अनुभव आहेत त्यांनी तर जरूर लिहावं.

अथणी_एक्सप्रेस
मुबारक हो भाऊ! 'अयान' सोडून काहीही ठेवा. आमच्या गल्लीत अयान म्हणून हाक मारली की अर्धी क्रिकेट टीम मागं वळून बघते.

खडेबाजार_बेळगाव
अथणी, मुलगी झालीय त्यांना.

अथणी_एक्सप्रेस
मग 'आयत' सोडून. तिकडंही तेवढीच गर्दी आहे.

हुक्केरी_हाफिज
वेदगंगाकाठ भाई, अल्लाह मुलीला नेक करो, तिला दीर्घायुष्य देवो.

आधी वेळेचं. सातव्या दिवशी अकीका, जावळ आणि नाव, असा उल्लेख अबू दाऊद आणि तिरमिजीच्या हदीसांत, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहांत, आहे. पण जन्माच्या दिवशीच नाव ठेवलं तरीही सुन्नतच, म्हणजे प्रेषितांची रीतच, आहे. प्रेषितांना (स.) मुलगा झाला तेव्हा ते म्हणाले की काल रात्री मला मुलगा झाला आणि मी त्याचं नाव माझे वडील इब्राहीम यांच्यावरून ठेवलं. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे पूर्वजाचं नाव ठेवणं हीसुद्धा त्यांचीच रीत. अम्मीचा आग्रह त्या बाजूनं पाहा.

आता अरबीचं. नाव अरबीच असलं पाहिजे अशी अट कुठंही नाही. उमर, अली, हमजा, खदीजा ही सगळी नावं इस्लामच्या आधीपासून चालत आलेली होती. इब्राहीम, इस्माईल, इस्हाक ही नावं मुळात अरबी नाहीत. कुणी इस्लाम स्वीकारला की त्याचं नाव बदललंच असंही नव्हतं. अर्थ वाईट असेल, त्यात शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणं, असेल किंवा स्वतःची बढाई असेल, तेव्हा मात्र बदललं. हजरत उमर यांच्या एका मुलीचं नाव आसिया होतं, अर्थ 'अवज्ञा करणारी'. प्रेषितांनी ते बदलून जमीला ठेवलं. इथं एक सांभाळा. फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, बायकोचं नावही आपण देवनागरीत आसियाच लिहितो, पण अरबीत त्याची अक्षरं वेगळी आहेत आणि ते नाव अतिशय चांगलं आहे. तेव्हा कुणाच्या घरात आसिया असेल तर घाबरून जाऊ नका, उर्दू-अरबीत ते कसं लिहिलंय तेवढं पाहा.

हजरत जैनब यांचं आधीचं नाव बर्रा होतं, म्हणजे पुण्यशील. त्यात आपलीच आपण स्तुती होते म्हणून तेही बदललं.

मलाइकाबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, वहिनींनी राग मानू नये. मलाइका म्हणजे फरिश्ते, देवदूत. जुन्या अरबांत फरिश्त्यांना अल्लाहच्या मुली मानत, आणि कुरआननं त्या समजुतीला कडक शब्दांत नाकारलंय. त्यामुळं मुलीला हे नाव ठेवणं बऱ्याच उलमांना, म्हणजे धर्मपंडितांना, पसंत नाही. मीही ठेवू नका असंच म्हणेन.

मालनबीत काहीही गैर नाही. मालन म्हणजे माळीण, फुलं फुलवणारी. बी हा मानाचा शब्द. निवांत मनानं ठेवा.

खानापूरची_आपा
हाफिजसाहेबांनी सगळं नीट मांडलं, खरं हक्काचा प्रश्न राहिलाच. तो मी घेते.

सूरह आले इमरान काढून वाचा, ३६वी आयत. मरियमची आई म्हणते, 'मी हिचं नाव मरियम ठेवलं.' मुलगा होईल म्हणून नवस केलेला, झाली मुलगी, आणि नाव आईनं ठेवलं. ती लेक पुढं हजरत ईसांची (येशूंची) आई झाली आणि कुरआनात एक अख्खी सूरह तिच्या नावानं आहे. आमच्याकडं नाव ठेवायच्या दिवशी बाळंतीण आतल्या खोलीत असते आणि बाहेर ओसरीवर सासरा, दीर, नणंदेचा नवरा, मौलवी मिळून नाव ठरवतात. तिला शेवटी कळतं. मला माझ्या थोरल्या लेकीचं नाव नणंदेच्या तोंडून कळलं होतं. नाव चांगलंच आहे, आज मलाही आवडतं. खरं तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे.

भाऊ, तुम्ही 'बायकोला आवडलंय' एवढंच लिहिलंत. मलाइका नको म्हणून तिला सांगायचं झालं तर ते तुम्ही एकट्यानं सांगा, जवळ बसून, का नको ते वाचून दाखवून. पाच माणसांसमोर नको. आणि दुसरं नाव तिलाच सुचवू द्या.

हुक्केरी_हाफिज
आपांचं म्हणणं बरोबर आहे. आईबापांत एकमत होईना तर हक्क बापाचा, असं जुन्या फकीहांनी, म्हणजे शरीयतीच्या पंडितांनी, लिहिलंय. पण तो वाद मिटवायचा शेवटचा उपाय आहे, सल्लामसलत टाळायची वाट नव्हे.

अनुराधा_टिळकवाडी
अभिनंदन! आमच्यात बाराव्या दिवशी बारसं. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, आत्याच्या आवडीचं तिसरंच, आणि घरात हाक मारायला 'बाळ'. त्यामुळं तुमची अडचण चांगलीच समजते.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या आपांच्या नातवाच्या वेळी त्यांनी मौलवींकडून अक्षर काढून आणलं होतं. कुराण उघडायचं, पानावर पहिलं जे अक्षर येईल त्यावरून नाव. त्यांना 'थ'सारखं काहीतरी आलं आणि सगळं घर नाव शोधत बसलं. ही पद्धत धर्मात आहे का? आमच्या नावरस नावासारखीच वाटली मला.

हुक्केरी_हाफिज
अनुराधाताई, ही चाल आपल्या भागात पुष्कळ आहे, पण हदीसमध्ये तिला आधार नाही. अक्षराची सक्ती कुठंच नाही. ते अक्षर अरबी 'से' असणार, त्यावरून साबित, सौबान, सुमामा अशी नावं येतात. पण अडकून बसायची गरज नव्हती.

ग्यारवी_गोकाक
एक वेगळी बाजू मांडतो.

माझ्या वडिलांचं नाव दस्तगीर, आजोबांचं मौलाली, चुलत्यांचं बंदेनवाज. आता तरुण मंडळी येऊन सांगतात की हात धरणारा फक्त अल्लाह, म्हणून दस्तगीर नाव चुकीचं. अहो, ही नावं काय आहेत ते समजून घ्या. अब्दुल कादिर जीलानींना लोक प्रेमानं पीर दस्तगीर म्हणतात, दर ग्यारवीला, म्हणजे चांद्र महिन्याच्या अकराव्या तारखेला, त्यांची आठवण काढतात. कलबुर्गीच्या ख्वाजांना बंदेनवाज म्हणतात. मिरजेच्या ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांवरून सांगली-कोल्हापूरपासून अथणी-चिकोडीपर्यंत किती मीरासाहेब सापडतील. या नावांनी आपल्या गावांचा आणि त्या बुजुर्गांचा धागा जोडलेला आहे. नाव पुसलं की तो धागा तुटला.

मेहुण्यांना सांगा, सहाबियांची नावं फार मोठी आहेत, कुणी नाही म्हणत नाही. पण आपल्या मातीतल्या नावांना कमी लेखू नका.

जमातवाला_संकेश्वर
ग्यारवी भाई, कमी कुणी लेखत नाही. खरं ज्या नावात बंदगी अल्लाहशिवाय दुसऱ्याची होते ते टाळलेलं बरं. अब्दुल नबी, अब्दुल रसूल म्हणजे नबीचा बंदा, रसूलचा बंदा. 'अब्द' फक्त अल्लाहच्या नावाला जोडायचं. मुस्लिम शरीफच्या हदीसप्रमाणं अल्लाहला सर्वांत प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान.

ग्यारवी_गोकाक
अब्दुल नबीवर मतभेद आहेत, मान्य. आमच्याकडचे उलमा त्याचा अर्थ 'नबीचा सेवक' असा लावतात, पूजा करणारा असा नाही. गुलाम नबी, गुलाम रसूल त्याच अर्थानं शेकडो वर्षं ठेवलं जातंय. पण मी दस्तगीरबद्दल बोलत होतो.

हुक्केरी_हाफिज
दोघांनाही विनंती, हा वाद मदरशांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललाय, या धाग्यावर तो मिटायचा नाही. ज्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे ते सांगतो. रहमान, खालिक, रज्जाक, कुद्दूस ही अल्लाहचीच खास नावं, ती माणसाला नुसती ठेवायची नाहीत, आधी अब्दुल लावायचं. आणि हाक मारतानाही तोडू नये. आपल्याकडं अब्दुल रज्जाकला 'ए रज्जाक' म्हणून हाक मारतात, तेवढं टाळावं. रशीद, करीम, अली अशा नावांना ही अडचण नाही. शहेनशाह, म्हणजे राजांचा राजा, या अर्थाच्या नावाला मात्र बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत साफ मनाई आहे.

अथणी_एक्सप्रेस
आमच्याकडं अब्दुल रज्जाकला 'रज्ज्या' म्हणतात. आता आजपासून सगळ्यांना सांगतो.

मुल्लासर_चिकोडी
निवृत्त शिक्षक. उशिरा आलो, पण हा विषय मला जवळचा.

सीमाभागातल्या शाळांत नोकरी गेली. हजेरीपट वाचला की गावाचा इतिहास कळतो. सुरुवातीच्या काळात मुलांत लालसाब, राजेसाब, मकतूम, मौलाली, हुसेनसाब, बाळासाहेबसुद्धा. मोहरमच्या महिन्यात जन्मला की इमाम किंवा हुसेन, रमजानात जन्मला की रमजान. मुलींत मालनबी, हजरतबी, रजमा, जैतून, फुलाबी, चांदबी. मूल जगत नसलं तर फकीर किंवा दगडू. मोहरमात नवसानं पोराला फकीर करायचे, हिरवे कपडे घालून घरोघर झोळी फिरवायचे, ती चाल तुमच्यापैकी वयस्कांनी पाहिली असेल. पुढं ही नावं हळूहळू गेली. सलीम, शबाना, परवीन आली, आणि आता अलीकडं अयान, इनाया, मायरा, अझान.

नव्या नावांना माझा विरोध नाही, चिंता एवढीच की मोबाईलवर शोधून जी नावं ठेवतात त्यांचे अर्थ तिथं धड लिहिलेले नसतात. 'लाइबा'ला स्वर्गातली हूर असा अर्थ देतात, अरबीत त्या शब्दाचा अर्थ खेळणारी. 'इकरा' म्हणजे 'वाच', कुरआनचा पहिला उतरलेला शब्द, म्हणून बऱ्याच घरांत ठेवतात. 'रय्यान' मात्र उत्तम, रोजेदारांसाठी असलेल्या जन्नतच्या दरवाजाचं ते नाव. नाव जाहीर करण्याआधी एखाद्या अरबी जाणणाऱ्याला विचारा, एवढंच माझं सांगणं. गावागावात हाफिज-आलिम आहेत, पाच मिनिटांचं काम.

आता कन्नडचं, ज्याकडं कुणी लक्ष देत नाही. मराठीत आपण 'सलीम' लिहितो आणि शेवटचा म आपोआप तोडून वाचतो. कन्नडात तसं होत नाही. शेवटच्या अक्षराचा पाय मोडल्याची खूण दिली नाही तर ते 'सलीम' न राहता 'सलीमा' होतं. करीमचा करीमा, जमीलचा जमीला. दाखला लिहिणाऱ्यानं ती खूण विसरली आणि पुढं मुलाचं मुलीच्या नावानं कार्ड आलेलं मी पाहिलंय. बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. मुलींच्या नावांना ही अडचण कमी, कारण ती बहुधा 'आ' किंवा 'ई'नंच संपतात. पण जैनब ठेवत असाल तर तिथंही ती खूण हवीच. शिवाय मराठीत जैनब लिहिलं की शाळेत पोरं 'जैन' म्हणून चिडवतात, तेही ध्यानात ठेवा.

आपल्या भाषेतल्या नावाबद्दल वेदगंगाकाठ यांनी विचारलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकरी परंपरेत संतच आहेत, नाव बदललं नाही. शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव महबूब हुसेन पटेल, बार्शीचे. 'अमर' हे नाव त्यांनी वागवलं आणि महाराष्ट्रानं तेच डोक्यावर घेतलं. इकडं कन्नडात शिशुनाळचे शरीफ, त्यांचे गुरू गोविंदभट्ट, आणि लोक त्यांना संत शिशुनाळ शरीफ म्हणूनच ओळखतात. विजापूरच्या सूफींनी तर दखनीत जात्यावरचे चक्कीनामे आणि पाळण्याचे लोरीनामे लिहिले, बायकांच्या तोंडी बसावेत म्हणून. त्या पाळण्यातून मालनबीसारखीच नावं झोपली आणि वाढली. मालनबी जरूर ठेवा.

वेदगंगाकाठ
सर, तुमचा प्रतिसाद अम्मीला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'देखो, मास्तर बी बोल्या.' आता घरात मी अल्पमतात.

अनुराधा_टिळकवाडी
सर, दगडू-धोंडू आमच्यातही याच कारणानं. दृष्ट लागू नये, देवानं नेऊ नये म्हणून दगडाचं नाव. आजोबांच्या पिढीत घरटी एक तरी.

हुक्केरी_हाफिज
त्यामागची माया कळते, पण नावानं मूल जगतं किंवा जातं असं मानू नये. बुखारीत एक प्रसंग आहे. सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचं नाव हज्न होतं, म्हणजे खडतर. प्रेषित म्हणाले, तुम्ही सहल, म्हणजे सुलभ. आजोबांनी नकार दिला, वडिलांनी ठेवलेलं नाव बदलणार नाही म्हणाले. नातू पुढं सांगत असे की ती खडतरता आमच्या घराण्यात टिकून राहिली. म्हणून शुभ अर्थाचं नाव, आणि बाकी भरवसा अल्लाहवर.

मिरजमाहेर
मला मुल्लासरांच्या कन्नडच्या मुद्द्याला जोडून सांगायचंय, कारण आमच्याकडं हे प्रत्यक्ष झालंय.

माझं सासर चिकोडी तालुक्यात, माहेर मिरज. थोरला माहेरी झाला, धाकटी सासरी. नोंद जिथं जन्म झाला तिथं होते. थोरल्याचा दाखला मराठीत, त्यात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. धाकटीचा कन्नड आणि इंग्रजीत, त्यात आडनाव गळालं आणि वडिलांचं नाव मागं लागलं. आता शाळेत, आधारला, बँकेत सगळीकडं विचारतात की ही दोघं सख्खी भावंडं का? एका आईची लेकरं, कागदावर दोन घरची. दुरुस्तीसाठी एका कचेरीत गेले तर टेबलामागच्या माणसानं फाईल उघडूनही पाहिली नाही. नंतर दुसऱ्या एकानं नीट सांगितलं म्हणून झालं.

वेदगंगाकाठ, दवाखान्यात जन्माची माहिती भरतानाच मुलीचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि आडनाव कन्नडात आणि इंग्रजीत कागदावर स्वच्छ लिहून द्या. तोंडी सांगू नका. नाव ठरलं नसेल तर घाईनं काहीतरी लिहू नका. नावाशिवायही जन्माची नोंद होते. जन्म मात्र २१ दिवसांच्या आत नोंदला गेला पाहिजे. नाव नंतर १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं, त्यापुढं १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झालाय, त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार, सगळीकडं जन्मदाखलाच चालणार. त्यामुळं दाखल्यावर जे उमटेल ते जन्मभर.

वेदगंगाकाठ
मिरजमाहेर ताई, लाख मोलाची माहिती. आमची नोंद झालीय, नावाची जागा कोरी ठेवलीय.

खडेबाजार_बेळगाव
कोरी ठेवलीत ते बरं केलंत. गावाचंच बघा ना, बेळगावचं बेळगावी १ नोव्हेंबर २०१४ला झालं, घरातल्या कागदांवर अजून दोन्ही आहेत.

जमातवाला_संकेश्वर
विषय थोडा वेगळा. अकीक्याचं मटण आईबापानं, आजी-आजोबांनी खायचं नाही म्हणतात, खरं आहे का? आमच्याकडं आजोबा दरवेळी त्या दिवशी डाळभात खातात.

हुक्केरी_हाफिज
अशी मनाई नाही. घरच्यांनी खावं, नातेवाइकांना द्यावं, गरिबांना द्यावं. मुलीसाठी एक बकरा, मुलासाठी दोन, हे बहुतेक मजहबांत, म्हणजे शरीयतीच्या पंथांत. जावळ काढून त्याच्या वजनाची चांदी दान करतात. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, बाळाचे केस असे किती असणार. आजोबांना माझा सलाम सांगा आणि ताटात बिर्याणी वाढा.

गडहिंग्लजची_सून
माझाही एक प्रश्न. माझ्या मैत्रिणीनं मुलाचं नाव समीर ठेवलं तेव्हा तिच्या सासऱ्यांनी हिंदू नाव म्हणून नाक मुरडलं, आणि आमच्या घरी माझ्या चुलत भावाचं समीर ठेवलं तेव्हा आजी म्हणाली, मुसलमानाचं कशाला? नक्की कुणाचं?

मुल्लासर_चिकोडी
दोघांचंही. संस्कृतात समीर म्हणजे वारा, अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा. सीमाभागाला असली नावं शोभतात.

खानापूरची_आपा
वेदगंगाकाठ भाऊ, वहिनींशी बोललात का? मी माझ्याकडून एक सुचवते, पटलं तर बघा. सुमय्या. अम्मार बिन यासिर यांची आई. ना राणी, ना कुणा सरदाराची लेक. मक्क्यातली गुलाम बाई. अबू जहलनं छळ छळ छळलं, ईमान सोडलं नाही, आणि इस्लामात पहिली शहादत तिची झाली. विड्या वळून पोरं वाढवणाऱ्या बाईच्या पणतीला हे नाव साजेल असं मला मनापासून वाटतं. तुमच्या मेहुण्यांनाही चालेल, सहाबियाच आहे.

अथणी_एक्सप्रेस
आपा, नाव झकास. खरं एक सांगू? आमच्याकडं अथणीत कन्नडवाल्यांना सुमय्या म्हणजे सोमय्या, रामय्या यांचा भाऊ वाटतो. अय्या आला की पुरुष. माझ्या मावसबहिणीचं नाव रुकय्या, तिला कॉलेजात पहिल्या दिवशी मुलांच्या बाकावरून शोधत होते. गुरुजी तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ती मागून म्हणाली, 'मीच की सर!'

मुल्लासर_चिकोडी
अथणी, हे मात्र खरं आहे, माझ्या वर्गातही झालंय. शेवटचा या दीर्घ लिहिला आणि दाखल्यावर 'स्त्री' नीट भरलं की अडत नाही. पोरगी चार दिवस वर्गात बसली की सगळ्यांना कळतं.

ग्यारवी_गोकाक
मला सुमय्या आवडलं. मालनबी आणखी आवडलं असतं. दोन्ही का नाही? आपल्याकडं कागदावरचं एक आणि घरातलं एक ही रीत आहेच.

जमातवाला_संकेश्वर
ग्यारवी भाईंशी यावर सहमत. नोंद करून ठेवा सगळ्यांनी.

वेदगंगाकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून झाले. काय झालं ते सांगतो.

आपा, तुम्ही म्हणालात तसं बायकोशी एकटा बसून बोललो. मलाइकाचं कारण तिला हाफिजसाहेबांच्याच शब्दांत वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, मला नाव ऐकायला छान वाटलं म्हणून हवं होतं, अर्थ असा असेल तर नको. मरियमच्या आईची आयत तिनं स्वतः मोबाईलवर काढून दोनदा वाचली. नंतर सुमय्याबद्दलचा प्रतिसाद तिनंच अम्मीला वाचून दाखवला, मी नाही. अम्मीनं विचारलं, 'ये कौन थी?' तिनं सगळी हकीकत सांगितली. अम्मी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, 'हमारी सासूसरीकी हिंमत वाली थी बोलो.'

नाव सुमय्या ठरलंय. ते बायकोनं ठरवलं. अम्मीची अट अशी की घरात हाक मालन म्हणूनच मारायची, आणि ती अट सगळ्यांनी मान्य केलीय. मेहुण्यांनी फोनवर दुआ दिली. कन्नडातल्या अय्याचं मी कचेरीतल्या एका मित्राला विचारलं, तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडंही एक सुमय्या मॅडम आहेत, सगळे ओळखतात.

हाफिजसाहेब, एक राहिलं. दाखल्यावर 'सुमय्या मालनबी' असं दोन्ही एकत्र लिहिलं तर चालेल का? अम्मी बोलत नाही, पण तिच्या मनात आहे.

हुक्केरी_हाफिज
शरीयतीच्या बाजूनं काहीच हरकत नाही. दोन नावं एकत्र ठेवतातच. मुलीला माझी दुआ.

मिरजमाहेर
कागदाच्या बाजूनं मी सांगते. दोन्ही लिहिणार असाल तर आत्ताच लिहा, आणि आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडं तेच आणि त्याच क्रमानं. आज दाखल्यावर एक आणि उद्या शाळेत नुसतं सुमय्या लावलंत तर दहावीच्या वेळी मुलीला प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागेल. मालन घरातच राहू द्यायची असेल तर तसंही चालेल, पण अर्धं इथं अर्धं तिथं नको. आणि कन्नडात 'य्या' दीर्घ आहे ना ते स्वतः पाहून मगच सही करा.

वेदगंगाकाठ
समजलं. दोन्ही लिहितो. मसुदा आला की मुल्लासरांना फोटो पाठवतो, त्यांनी तपासून द्यावा.

मुल्लासर_चिकोडी
पाठवा. रात्री दहापर्यंत जागा असतो.

काळीनदी_हल्याळ
सुमय्या मालनबीला आशीर्वाद. धागा वर आलाच आहे तर विचारून घेतो. आमच्या वहिनींना जुळे मुलगे झालेत. एकाचं यह्या ठरलंय, दुसऱ्यासाठी यासीन म्हणतायत. जोडी जमते, पण यासीन ठेवू नये असं कुणीतरी म्हणालं. हाफिजसाहेब?

हुक्केरी_हाफिज
यह्या फार सुंदर. ते नाव याआधी कुणालाच दिलं नव्हतं असं सूरह मरियममध्ये अल्लाहनं स्वतः म्हटलंय. यासीन ही सूरहच्या सुरुवातीची अक्षरं, त्यांचा अर्थ अल्लाहलाच माहीत. म्हणून काही उलमांना ते नाव ठेवणं पसंत नाही, काहींना चालतं. जोडीच हवी असेल तर यह्या आणि ईसा ठेवा. दोघं नात्यातले होते.